मुलाचें ताट : यवतमाळच्या इतिहासांतील एक प्रकरण

‘मूल नीट जेवत नाहीं’ ही तक्रार आजच्या सुशिक्षित घरांत इतकी सर्वसाधारण झाली आहे कीं, ती ज्या घरीं ऐकूं येत नाहीं त्या घराचेंच नवल वाटावें. एका घरीं मूल भाजी पाहतांच तोंड फिरवितें. दुसऱ्या घरीं हलत्या चित्रांच्या लालुचीवांचून घांस गिळीत नाहीं. तिसऱ्या घरीं जेवणाच्या वेळीं त्याला भूकच नसते, आणि पानें उचलून घटका लोटली नाहीं तोंच बिस्किटांचा डबा उघडला जातो. हा प्रश्न आपण वैद्याकडे नेतों, क्वचित् शिक्षकाकडे नेतों. इतिहासाकडे मात्र कोणी नेत नाहीं. वास्तविक मुलाच्या ताटांत काय पडतें आणि त्याबद्दल त्याला काय वाटतें, हें त्याच्या जन्मापूर्वीं शंभर-दीडशें वर्षें ठरत आलेलें असतें. कोणतें पीक शेतांत उभें राहिलें, कोणतें बाजारांत गेलें, कोणत्या धान्याला प्रतिष्ठा आली आणि कोणतें हलकें ठरलें, या सर्वांचा हिशेब शेवटीं त्या लहानशा ताटांत येऊन मिळतो. हें कसें घडतें तें एकाच जिल्ह्याच्या उदाहरणानें पाहावें, या हेतूनें प्रस्तुत लेखांत यवतमाळ जिल्ह्याचा विचार केला आहे.

वऱ्हाडच्या आग्नेय कोपऱ्यांतील हा मुलूख. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं दिलें. पुढें या भागाचा स्वतंत्र जिल्हा झाला, तो जुन्या कागदपत्रांत ‘वणी जिल्हा’ या नांवानें आढळतो. यवतमाळ हें नांव त्याला १९०५ सालच्या फेररचनेंत मिळालें. एका बाजूस वर्धा नदी, दक्षिणेस पैनगंगा, मध्यें खडकाळ पठार व जंगल, आणि नदीनाल्यांच्या कांठीं काळी कसदार जमीन, अशी याची ठेवण आहे. या काळ्या जमिनींत ज्वारी आणि कपाशी यांचा आळीपाळीचा फेर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. कपाशीच्या पट्ट्यांत तुरीच्या ओळी, बांधाच्या कडेला अंबाडी, आणि जरा ओल धरणाऱ्या जमिनींत जवस. शेताची ही मांडणी ज्यानें पाहिली त्याला वऱ्हाडी घरचें ताट निराळें पाहावयास नको. ज्वारीची भाकरी, तुरीचें वरण, अंबाडीची आंबट भाजी, जवसाची चटणी आणि असेल त्या घरीं ताक: शेतांत जें शेजारीं शेजारीं उगवलें तेंच ताटांत शेजारीं शेजारीं बसलें.

ही जोडणी कोणा आहारशास्त्रज्ञानें केलेली नव्हती. परंतु आजच्या शास्त्राच्या कसोटीला ती चांगली उतरते. ज्वारींत शंभर भागांस सुमारें दहा भाग प्रथिन असतें. पण त्या प्रथिनांत लायसीन नांवाचा एक आवश्यक घटक उणा पडतो. तोच घटक तुरींत विपुल असतो. म्हणजे भाकरी आणि वरण हीं एकमेकांचें न्यून भरून काढतात. पालेभाजी चुना, लोह आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा मूळ घटक पुरविते. वर पिळलेलें लिंबू धान्यांतील लोह अंगीं लागण्यास साहाय्य करतें. आणि जवसांत असा एक स्निग्धांश असतो, कीं जो मांसमत्स्य न खाणाऱ्यांना दुसरीकडे सहसा सांपडत नाहीं. हें सर्व घरच्या बाईला ठाऊक नव्हतें, तिला एवढेंच ठाऊक होतें कीं, वरणावांचून भाकरी घशांत अडते आणि चटणीवांचून ती गोड लागत नाहीं. रुचीच्या मार्गानें ती पोषणापाशीं पोहोंचली होती.

याला जोड होती ती रानाची. पावसाचे दोन शिंतोडे पडले कीं तरोटा, घोळ, कुर्डू या भाज्या कोणी न पेरतां उगवत. श्रावणांत काटवलें येत. पुढें सीताफळें, बोरें. उन्हाळ्यांत टेंभुर्णी, चारोळी आणि मोहाचीं फुलें. गोंड, कोलाम, परधान, आंध या वन्य जमातींच्या मुलांचें वर्षांतील कित्येक महिन्यांचें पोषण याच रानमेव्यावर होत असे, आणि गांवांतील मुलेंही त्यांत वाटेकरी असत. या रानमेव्याचा एक विशेष असा कीं, तो मुलाला कोणी भरवीत नसे. तें स्वतः झाडाखालीं जाई, वेंची, चाखून पाही, तुरट लागलें तर थुंकून देई आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां जाई. कोणतें फळ कधीं पिकतें आणि कोणतें खाऊं नये, हें ज्ञान त्याला हातांनीं मिळे.

घरांतही मुलाची अन्नाशीं ओळख करून देण्याची एक सावकाश रीत होती. सहाव्या महिन्याच्या आसपास उष्टावण करावयाचें. पहिला घांस बहुधा मामाच्या मांडीवर. काश्यपसंहिता या बालकांविषयींच्या प्राचीन ग्रंथांतही सहाव्या महिन्यांत फळांचा रस आणि धान्याचें अन्न त्याच्या मागाहून, असा क्रम सांगितला आहे. आईच्या दुधाला सहा महिन्यांनंतर वरच्या अन्नाची जोड द्यावी, हें आजच्या वैद्यकाचें मतही याहून फार दूर नाहीं. पुढें संक्रांतीच्या सुमारास बोरन्हाण येई. मुलाच्या डोक्यावरून बोरें, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा ओतावयाच्या आणि भोंवतालच्या मुलांनीं त्या झोंबून वेंचून खावयाच्या, हा सोहळा वरवर पाहतां नुसता कौतुकाचा. पण हंगामांतील प्रत्येक नव्या पदार्थाशीं मुलाची गांठ आनंदाच्या प्रसंगीं घालून देण्याची याहून चांगली युक्ति आजच्या मानसशास्त्रालाही सुचविणें कठीण आहे. त्याच दिवसांत शेतावर हुरडा होई. आगटीभोंवतीं बसून, थोरांच्या तळहातावरील कोंवळे दाणे उचलून खातां खातां मुलाला ज्वारीची चव लागे, आणि ती चव थंडीशीं, धुराशीं, आजोबांच्या गोष्टींशीं कायमची बांधली जाई.

जुन्या काळाचें हें चित्र रेखाटतांना त्याची दुसरी बाजू झांकून ठेवणें मात्र अप्रामाणिकपणाचें होईल. ताट चांगलें होतें, परंतु तें सर्वांपुढें येत नव्हतें. घरांतील पुरुष आधीं, मुलगे त्यानंतर, आणि बायका-मुली उरल्यासुरल्यावर, हा क्रम कित्येक घरीं मोडला गेला नाहीं. ज्यांना स्वतःची जमीन नव्हती त्यांच्या घरीं भाकरी होती तर वरण नव्हतें, आणि ताक पाटलाच्या वाड्यावरून मागून आणावें लागे. नुसत्या ज्वारीवर राहणाऱ्या गरीब माणसांना ‘पेलाग्रा’ नांवाचा त्वचेचा व मेंदूचा विकार जडतो, असें डॉ. गोपालन् व डॉ. श्रीकांतिया यांनीं हैदराबादच्या बाजूस १९६० च्या सुमारास दाखवून दिलें. तेव्हां दोष ज्वारीचा नसून एकटेपणाचा आहे. सोबत सुटली कीं चांगलें धान्यही अपुरें पडतें. आपल्या पूर्वजांची रीत शहाणपणाची होती असें म्हणतांना, त्या शहाणपणाचें फळ किती मुलांना चाखावयास मिळालें, हा प्रश्नही विचारलाच पाहिजे.

आतां या ताटावर पहिला मोठा घाला कसा पडला तें पाहूं. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें आणि इंग्लंडच्या गिरण्यांना मिळणारा तिकडील कापूस बंद झाला. त्याबरोबर वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आगगाडीचा रस्ता याच दशकांत वऱ्हाड ओलांडून नागपुरापर्यंत गेला. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं यवतमाळलाही मूर्तिजापुराशीं जोडणारी अरुंद रुळांची गाडी मिळाली. तीच लोकांच्या तोंडची ‘शकुंतला’. गाडी कापूस घेऊन जाई आणि बाहेरचा माल घेऊन येई. ज्या घरीं पूर्वीं पेवांत दोन-तीन वर्षांची ज्वारी पुरून ठेवलेली असे, तेथें पेव रिकामें राहूं लागलें. कारण हातांत रोकड असली म्हणजे धान्य बाजारांत मिळतेंच, असा विश्वास उत्पन्न झाला. लक्ष्मण सत्य या इतिहासकारानें वऱ्हाडांतील कापूस व दुष्काळ यांवर १९९७ सालीं एक ग्रंथ लिहून या दोहोंचा संबंध उलगडला आहे. त्याचें मत थोडक्यांत असें कीं, दुष्काळ नुसता आभाळांतून पडला नाहीं. धान्याची जागा विकाऊ पिकानें घेतल्यामुळें आणि धान्याचा सांठा व्यापाऱ्याच्या हातीं गेल्यामुळें त्याला वाट मिळाली.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं तो विश्वास धुळीस मिळविला. १८९१ च्या खानेसुमारींत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारें २९ लक्ष भरली होती. १९०१ मध्यें ती साडेसत्तावीस लक्षांवर आली. या आंकड्यांत मुलें किती, हें सांगावयास नको. दुष्काळांत आधीं लहानग्यांचा बळी जातो. सरकारच्या दुष्काळ-संहितेंत कामावरील मजुरांच्या काम न करूं शकणाऱ्या मुलांना शिजलेलें अन्न किंवा त्याऐवजीं थोडी रोकड देण्याची तरतूद होती. मुलाला अन्न देणें ही सरकारची जबाबदारी आहे, हें तत्त्व आपल्याकडे अशा रीतीनें दुष्काळाच्या दारानें शिरलें. त्यामुळें कित्येक जीव वांचले यांत शंका नाहीं. पण त्याचबरोबर मुलाच्या अन्नाचा विचार ‘किती’ या एकाच मापानें करण्याची संवयही आपल्याला लागली. ‘काय’ आणि ‘कसें’ हे प्रश्न मागें पडले. आजही आई जेव्हां ‘दोन घांस तरी जास्त गेले पाहिजेत’ म्हणून मुलाच्या मागें वाटी घेऊन धांवते, तेव्हां तिच्या मनांत कोठें तरी तेंच जुनें भय वावरत असतें.

दुसरा घाला रानावर पडला. राखीव जंगलाचे कायदे झाले आणि पूर्वीं मोकळें असलेलें रान परवान्याचें झालें. १९३० च्या जुलैंत पुसदच्या बाजूस लोकनायक बापूजी अणे यांनीं जो जंगल-सत्याग्रह केला, त्यांत राखीव जंगलांतील गवत कापून कायदा मोडण्यांत आला. इतिहासाच्या पुस्तकांत त्याची नोंद स्वातंत्र्याच्या लढ्यांतील एक पाऊल म्हणून होते, आणि ती योग्यच आहे. परंतु मुलाच्या ताटाच्या दृष्टीनें पाहिलें तर गवताचा प्रश्न म्हणजे गाईचा प्रश्न, आणि गाईचा प्रश्न म्हणजे वाटीभर दुधाचा प्रश्न होता.

याच सुमारास अन्नाचें नवें शास्त्र हिंदुस्थानांत मूळ धरूं लागलें होतें. निलगिरींतील कुन्नूर येथें रॉबर्ट मॅककॅरिसन यांनीं १९१८ पासून आहारविषयक संशोधन चालविलें. त्यांनीं निरनिराळ्या प्रांतांतील लोकांचे आहार उंदरांना देऊन त्यांच्या वाढीची तुलना केली; त्यांत अख्ख्या गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळ व ताज्या भाज्या असा शिखांचा आहार सर्वांत सरस ठरला. पुढें त्याच संस्थेचे प्रमुख एक्रॉइड यांनीं १९३७ सालीं हिंदी खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. हीच संस्था १९५८ मध्यें हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. या संशोधनाचा उपकार मोठा आहे. परंतु शास्त्रज्ञ जें सांगतो तें आणि समाज जें ऐकतो तें यांत नेहमीं अंतर राहतें. त्या आहाराचें श्रेय दूध, डाळ आणि भाज्या यांच्या समवायाकडे होतें; आपल्या मध्यमवर्गानें त्यांतून ऐकलें तें एवढेंच कीं गहूं श्रेष्ठ. सणावारीं होणारी पोळी रोजची झाली, आणि भाकरी स्वयंपाकघरांतून हळूहळू गड्याच्या शिदोरींत गेली.

वर्धा नदीच्या पलीकडे याच काळांत एक निराळा प्रयोग चालला होता, आणि यवतमाळच्या वाचकांना तो शेजारचा म्हणून जवळचा वाटेल. १९३४ मध्यें वर्धा येथें ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. १९३६ पासून गांधीजी शेगांवीं, म्हणजे पुढच्या सेवाग्रामीं, राहूं लागले. हातसडीचा तांदूळ, घरचें दळण, गूळ आणि गांवांत आपोआप उगवणारा हिरवा पाला यांवर त्यांनीं त्या वर्षांत पुष्कळ लिहिलें. आपल्या विषयाच्या दृष्टीनें याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ऑक्टोबर १९३७ मधील वर्ध्याच्या शिक्षण-परिषदेंतून निघालेली नयी तालीम. आर्यनायकम् पति-पत्नींच्या देखरेखीखालीं सेवाग्रामच्या शाळेंत मुलें भाजीचे वाफे करीत, स्वयंपाकाला हात लावीत, वाढीत आणि भांडीं घांशीत. अन्न हा तेथें पाठ्यपुस्तकांतील धडा नव्हता. शाळेचा दिवसच त्याच्याभोंवतीं फिरत असे. ज्या मुलानें पालक पेरला, त्याला पाणी घातलें आणि कापून शिजविला, त्याला पालक खा म्हणून सांगावें लागत नाहीं.

या जोडीनें आणखी एक नांव घेतलें पाहिजे. ताराबाई मोडक यांचा कांहीं काळ शेजारच्या अमरावतींत गेला. पुढें भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या सहवासांत त्यांनीं बालशिक्षणाला वाहून घेतलें, आणि १९४५ मध्यें बोर्डी येथें अनुताई वाघ यांच्यासह खेड्यांतील मुलांसाठीं बालवाडी उघडली. मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळाच त्यांच्या अंगणांत न्यावी, या कल्पनेंतून ‘अंगणवाडी’ निघाली. मूल जें स्वतः करूं शकतें तें थोरांनीं त्याच्यासाठीं करूं नये, हें माँटेसरीबाईंचें सूत्र या शिक्षणाच्या मुळाशीं होतें. तें सूत्र जेवणालाही लागू पडतें. स्वतःच्या हातानें घांस उचलणें, सांडणें, पुन्हां उचलणें आणि पोट भरलें म्हणजे थांबणें, हें मुलाचें पहिलें स्वराज्य आहे.

मुलाच्या या स्वराज्यावर विश्वास ठेवावा काय? अमेरिकेंतील क्लॅरा डेव्हिस या डॉक्टरीणबाईंनीं नुकत्याच अंगावरून सुटलेल्या बालकांपुढें धान्यें, दूध, फळें, भाज्या, अंडीं, मांस असे अनेक साधे पदार्थ ठेवून त्यांना हवें तें व हवें तेवढें खाऊं दिलें. १९२८ सालीं त्यांनीं आपले पहिले निष्कर्ष मांडले. एकेका जेवणांतील निवड विचित्र दिसे, पण दीर्घ काळाचा हिशेब केला तर मुलांचें पोषण उत्तम होत होतें. या प्रयोगाचा आधार घेऊन ‘मुलाला मागेल तें द्या’ म्हणणारे पुष्कळ निघाले. डेव्हिसबाईंनीं मात्र स्वतःच बजावून ठेवलें कीं, या प्रयोगांतील खरी खुबी पदार्थांच्या यादींत आहे. त्या यादींत साखरेचा व कारखान्यांतला एकही पदार्थ नव्हता. म्हणजे काय मांडावें हें थोरांनीं ठरवावयाचें, किती घ्यावें हें मुलानें. पुढील संशोधनानें हेंच अधिक स्पष्ट केलें. नव्या चवीला मूल पहिल्या वेळीं नकार देतें तो कायमचा नसतो. तोच पदार्थ आठ-दहा वेळां, आग्रहावांचून समोर आला तर पुष्कळशीं मुलें तो स्वीकारतात. उलट, ‘भाजी संपविलीस तर मिठाई देईन’ असें म्हटलें तर भाजी शिक्षेच्या जागीं बसते आणि मिठाई बक्षिसाच्या, हें लीन बर्च या विदुषीनें अनेक प्रयोगांनीं दाखविलें.

विशेष आनंदाची गोष्ट ही कीं, संवयीच्या बाबतींत चरकाचार्यांचा उपदेशही याच दिशेचा आहे. अहितकर संवय एकदम सोडूं नये आणि हितकर एकदम लादूं नये. पावापावानें एक काढीत जावी आणि पावापावानें दुसरी आणीत जावी, असा पादांशिक क्रम त्यांनीं सांगितला आहे. नित्याच्या अभ्यासानें अंगवळणीं पडलेल्या अन्नाला त्यांनीं ‘ओकसात्म्य’ असें नांवही दिलें. आवड उपजत असण्यापेक्षां घडविलेली अधिक असते, आणि जें घडविलें तें सावकाशीनें पुन्हां घडवितां येतें, हा त्यांतला दिलासा आहे.

आतां स्वातंत्र्योत्तर काळाकडे वळूं. पुसदजवळच्या गहुली गांवचे वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, आणि राज्य अन्नधान्यांत स्वयंपूर्ण व्हावें हा त्यांचा ध्यास होता. १९६४ मध्यें संकरित ज्वारीचें पहिलें वाण बाहेर आलें, उत्पन्न वाढलें. परंतु लौकर पिकणारें तें कणीस परतीच्या पावसांत भिजून काळें पडे, भाकरीला जुना स्वाद येत नसे, आणि ‘हायब्रीड’ हा शब्द खेड्यांत बेचव वस्तूला लावला जाऊं लागला. १९७२ च्या दुष्काळांत बाहेरदेशची तांबडी मिलो आली, कामावरील मुलांना गूळपिठाची सुकडी आली. त्या सुकडीनें असंख्य मुलांना तगविलें. तिची आठवण सांगणारे वृद्ध आजही खेडोपाडीं भेटतात. पण ज्वारीच्या घराण्यांतील तें लाल, बेचव धान्य नाइलाजानें खाल्लेल्या पिढीच्या मनांत भाकरीची प्रतिष्ठा आणखी एक पायरी उतरली.

१९७५ सालच्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ताराबाईंची अंगणवाडी देशभर पोहोंचली. १९९५ मध्यें शाळकरी मुलांसाठीं पोषण-आहाराची योजना आली. प्रथम कोरडें धान्य मिळे, २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजलेलें अन्न मिळूं लागलें. सर्व जातींचीं मुलें एका पंक्तींत बसून खिचडी खातात, हें दृश्य दीडशें वर्षांपूर्वींच्या वणी जिल्ह्यांत कोणाला स्वप्नांतही दिसलें नसतें. तथापि शाळेंत तांदूळ, शिधापत्रिकेवर गहूं-तांदूळ आणि शेतांत कपाशीच्या जोडीला सोयाबीन, अशी स्थिति होतांच ज्वारीला राहावयास जागा उरली नाहीं. सोयाबीन कारखान्यांत जातें. रानडुकरांचा आणि पांखरांचा उपद्रव, कडबा-कणसाच्या कामाला न मिळणारे मजूर आणि भावाची अनिश्चितता या कारणांनीं शेतकऱ्यानें ज्वारी सोडली. त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाहीं. ज्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची दखल घेऊन २००६ मध्यें पंतप्रधानांना विदर्भांतील सहा जिल्ह्यांसाठीं मदत जाहीर करावी लागली, त्यांतलाच हा एक जिल्हा. पिकानें ज्याला दगा दिला त्याला मुलाच्या ताटांतील विविधतेचा उपदेश कोणत्या तोंडानें करावा?

आणि तरीही ताटाचा प्रश्न उरतोच. उलट तो आतां दोन्हीकडून उभा आहे. शहरांतल्या सुखवस्तु घरीं मूल पुढचें ताट लोटून चटकदार पुडी मागतें. तिकडे केळापूर-मारेगांवच्या बाजूस एखाद्या कोलाम पोडावरही तीच पुडी पांच रुपयांना मिळते, आणि दिवसभर मजुरीला जाणारी आई मुलाच्या हातीं ती ठेवून जाते. कारण ती शिजवावी लागत नाहीं आणि तिनें मूल रडतां राहतें. एका मुलाची भूक पुडीनें मारली जाते, दुसऱ्याची पुडीनें फसविली जाते. दोन्ही घरांतून तरोटा, घोळ आणि जवसाची चटणी एकाच वेळीं निघून गेली. एका घरीं ‘हें आपल्यासारख्यांचें खाणें नव्हे’ म्हणून, दुसऱ्या घरीं ‘शाळेंत मुलें हंसतील’ म्हणून. दारिद्र्य अन्न हिरावून नेतें हें सर्वांना दिसतें. लाजही तें हिरावून नेते हें सहसा कोणी बोलत नाहीं. गंमत अशी कीं, २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरें झालें, आणि आतां शहरांतल्या दुकानांत ज्वारी गव्हाहून महाग मिळते. जी भाकरी गरिबाची म्हणून आपण टाकली, ती श्रीमंताची म्हणून परत येत आहे. यांत मुलानें काय शिकावें? अन्नाची योग्यता लोक खाणाऱ्याकडे पाहून ठरवितात, एवढेंच तें शिकतें. आणि हा धडा कोणत्याही जीवनसत्त्वाच्या उणिवेहून अधिक बाधक आहे.

या इतिहासांतून सुशिक्षित गृहस्थाला स्वतःच्या घरापुरतें कांहीं घेतां येईल काय? माझ्या मतें पुष्कळ घेतां येईल. पहिली गोष्ट, मुलाचें ताट निराळें काढूं नये. वऱ्हाडी घरीं मुलासाठीं वेगळा पदार्थ क्वचित् होई. भाकरीच दुधांत कुस्करली जाई, वरणच कमी तिखट केलें जाई. जें थोर खातात तें मूल पाहतें, आणि जें पाहतें तें आज ना उद्यां मागतें. बाप स्वतः अंबाडीची भाजी बाजूस सारीत असेल तर मुलाला तिचे गुण ऐकविणें व्यर्थ आहे. ही शिकवण तर पाळण्याच्याही आधीं सुरू होते. गरोदरपणांत व अंगावर पाजतांना आई जें खाते त्याच्या चवीची ओळख बालकाला होते, असें अलीकडच्या प्रयोगांत आढळलें आहे. तेव्हां घरांतील सुनेनें शेवटीं आणि उरलेलें खावें ही रीत नुसती अन्यायाची नाहीं. ती पुढच्या पिढीच्या रुचीवरच घाव घालते.

दुसरी गोष्ट, ताटाभोंवतीं युद्ध होऊं देऊं नये. भय, लालूच, स्तुति आणि निंदा या चारही गोष्टी घांसापासून दूर ठेवाव्या. थोडें वाढावें, पुन्हां मागूं द्यावें, ‘पुरे’ म्हटलें कीं थांबावें. मधल्या वेळीं पुडी मिळाली नाहीं तर पुढच्या जेवणाला भूक लागते, आणि भुकेसारखा पाकशास्त्रज्ञ नाहीं. ‘पानांत टाकूं नये’ हा जुना दंडक चांगला. पण तो पाळावयाचा तर वाढणारा हात आधीं आवरला पाहिजे. तिसरी गोष्ट, मुलाचा हात अन्नाला लागूं द्यावा: शेंगा सोलूं द्याव्या, भाजी निवडूं द्यावी, पीठ मळतांना एक गोळा त्याच्या हातीं द्यावा. शहरांत राहणाऱ्यांनीं निदान वर्षांतून एकदां पौषांत मुलांना घेऊन कोणा आप्ताच्या शेतावर हुरड्याला जावें. आणि चौथी गोष्ट, चरकांचा पाव विसरूं नये. वर्षानुवर्षें बिघडलेली संवय आठ दिवसांत सुधारावी असा हट्ट धरला तर मूल जिंकतें आणि आपण चिडतों. सात दिवसांच्या पोळीच्या जागीं एक दिवस भाकरी येऊं द्यावी. महिन्यानें दोन दिवस.

परंतु स्वतःच्या घरापुरतें पाहून आपलें कर्तव्य संपत नाहीं. ज्या शेतकऱ्यानें ज्वारी, तूर आणि जवस यांची संगत शेंकडों वर्षें सांभाळली, त्याला ती पुन्हां परवडावी अशी किंमत मिळेल काय, अंगणवाडीच्या वाटींत तांदळाबरोबर त्याच्या शेतांतली कणी आणि परसांतला पाला पडेल काय, या प्रश्नांकडे लक्ष देणें हें सुशिक्षितांचें काम आहे. कारण धोरणें ठरविणाऱ्यांच्या कानांपर्यंत आवाज त्यांचाच पोहोंचतो. यवतमाळच्या काळ्या जमिनीनें आपली शिकवण दिलेलीच आहे. तेथें ज्वारी आणि तूर शेजारीं शेजारीं वाढल्या तोंवर ताटही भरलेलें होतें. ती शेजारधर्माची रीत शेतांत, शाळेंत आणि आपल्या पानांवर पुन्हां आणतां आली, तर ‘मूल नीट जेवत नाहीं’ ही तक्रार घेऊन वैद्याच्या दारीं जाण्याचे प्रसंग पुष्कळ कमी होतील.